लिव्हर लावण्याआधी आकडा लिहा: पियानो ट्यूनिंग शिकणाऱ्यांसाठी

ट्यूनिंग शिकून पहिलं वर्ष उलटायचं होतं तेव्हाची गोष्ट. एक अपराइट (उभा) पियानो लावून आलो आणि दोन महिन्यांनी मालकांचा फोन आला, "तुम्ही हात लावल्यापासून बिघडलाय." गेलो. मधला सगळा भाग उतरला होता. माझ्या ट्यूनिंगच्या ॲपमध्ये त्या पियानोची फाइल होती, कुठली पट्टी कुठे न्यायची याचा सगळा हिशेब तिच्यात होता. पण पहिल्यांदा गेलो तेव्हा पियानो कुठल्या सुरावर सापडला, खोलीत दमटपणा किती होता, मी तारा किती वर ओढल्या, यातलं एक अक्षरही कुठे लिहिलेलं नव्हतं. परत लावून दिला, पैसे घेतले नाहीत. चूक माझ्या हाताची होती की हवेची, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळायची सोय नाही.

कानाने लावावं की यंत्राने, या वादात नवीन मंडळी फार लवकर शिरतात. दोन्ही शिकायचंच आहे, ते खाली येतंच. पण हे दोन्ही चाचपडत शिकत असताना तुमचं काम सुधारतंय की नाही हे सांगणारी तिसरी वस्तू म्हणजे वही, आणि ती पहिल्या दिवसापासून हवी.

आधी थोडक्यात ओळख. ८८ पट्ट्या, पण तारा साधारण २३०. खर्जातल्या अगदी खालच्या स्वरांना तांब्याचा वेढा दिलेली एकेक जाड तार, त्याच्यावर दोन-दोन, आणि मधल्या भागापासून वर प्रत्येक पट्टीला तीन. एका तारेवर ढोबळमानाने ७० ते ९० किलोचा ताण, सगळ्या मिळून १८ ते २० टनांच्या घरात. हा ताण लोखंडी फ्रेम पेलते, पण प्रत्येक तार जागेवर धरते ती लाकडी पिनब्लॉकमध्ये ठोकलेली पोलादी पिन, निव्वळ घर्षणाने. आपण लिव्हरने, म्हणजे पिनेवर बसणाऱ्या लांब दांड्याच्या पान्याने, फिरवतो ती हीच.

पहिली पायरी: हात लावण्याआधी

खोलीत शिरल्या शिरल्या आर्द्रतामापक पियानोवर ठेवा. त्याला स्थिरावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तोवर बाकीचं उरकतं. वरचं झाकण उघडून बनावट आणि अनुक्रमांक लिहून घ्या. क्रमांक बहुधा पिनांजवळ फ्रेमवर असतो. फोटो काढा. मग सगळ्या पट्ट्या एकदा खालून वर वाजवत जा. अडकणारी पट्टी, तुटलेली तार, करकरणारं पेडल आधीच दिसलं तर बरं, नाहीतर ते तुमच्या नावावर जमा होतं.

आता ती नोंद, जी मी केली नव्हती. सहा स्वर मोजा: ए१, ए२, एफ३, ए४, ए५, ए६. अक्षर म्हणजे स्वराचं नाव, आकडा म्हणजे खालून कितवं सप्तक; ए४ म्हणजे मधला, ४४० हर्ट्झचा ए. तीन तारांच्या स्वरात बाजूच्या दोन तारा रबराच्या पाचरीने बंद करून फक्त मधली मोजायची. खर्जात दोन असतील तर एकच. यंत्र सेंटमध्ये आकडा दाखवेल. लागोपाठच्या दोन स्वरांमध्ये १०० सेंट असतात, आणि ए४ पाशी ४ सेंट म्हणजे जवळजवळ १ हर्ट्झ. हे सहा आकडे तापमान आणि आर्द्रतेच्या शेजारी लिहा. तीन मिनिटांचं काम आहे. पिन एकदा फिरली की हा आकडा पुन्हा कधीच मिळत नाही.

यादीत एफ३ मुद्दाम घेतलाय. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात ती म्हणजे ब्रिज. खर्जाचा ब्रिज संपून लांब ब्रिज जिथे सुरू होतो, त्या सांध्याजवळच्या साध्या तारा हवेप्रमाणे सगळ्यात जास्त हलतात. ब्रिजखालची स्प्रूस लाकडाची पातळ फळी, म्हणजे साउंडबोर्ड, दमटपणात फुगतो, ब्रिजला वर ढकलतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की उलटं. नुसतं ए४ मोजलं तर पियानो बराच शहाणा वाटतो, एफ३ त्याचं खरं सांगतो.

दुसरी पायरी: एक फेरी की दोन

ए४ दोन-चार सेंटच सरकला असेल तर सरळ ट्यूनिंगला लागा. दहाच्या पुढे गेला असेल तर आधी एक ढोबळ फेरी मारावी लागते. कारण एक तार ओढली की साउंडबोर्डवर दाब वाढतो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. पियानो २० सेंट खाली असेल आणि तुम्ही प्रत्येक तार नेमकी जागेवर आणत शेवटापर्यंत गेलात, तर मागे वळून बघेपर्यंत सुरुवातीच्या तारा पाच-सहा सेंट खाली बसलेल्या असतात. म्हणून पहिल्या फेरीत तार हव्या त्या जागेच्या थोडी पुढे न्यायची: मधल्या भागात जेवढी कमी आहे त्याच्या साधारण पाव हिस्सा पुढे, खर्जात त्याहून बरंच कमी. हे गणित चांगली ॲप्स तारेगणिक करून देतात, आणि यंत्र विकत घ्यायचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. कानानेही जमतं, पण त्याला वर्षं जातात.

गंजलेली तार वर ओढण्याआधी किंचित सैल करा. बारीक "टक्" ऐकू आलं की गंजाची पकड सुटली, मग चढवा. आणि जुना पियानो पुष्कळ खाली गेलेला असेल तर तार तुटू शकते हे मालकांना आधी सांगा, तुटल्यावर नाही.

तिसरी पायरी: यंत्राकडून काय घ्यायचं

गिटारचा ट्यूनर पियानोला चालत नाही. तो सगळे स्वर कागदावरच्या गणिताने मोजतो आणि पियानोची तार त्या गणितात बसत नाही. पोलादी तार ताठ असते, त्यामुळे तिच्यातून मूळ सुराबरोबर निघणारे वरचे सूर, ज्यांना या धंद्यात पार्शल म्हणतात, ते नेमक्या दुप्पट, तिप्पट, चौपट जागी न पडता थोडे चढे पडतात. याला इनहार्मोनिसिटी म्हणतात. लहान पियानोत तारा आखूड असल्याने ती जास्त. खालच्या ए चा दुसरा पार्शल चढा असेल तर वरचा ए त्याच्याशी मिळण्यासाठी तोही चढाच लावावा लागतो. असं करत करत सप्तकं ताणली जातात: तारसप्तकाचं टोक गणितापेक्षा चढं, खर्जाचं टोक उतरलेलं, दोन्हीकडे साधारण ३० सेंटपर्यंत. चांगले ट्यूनर हे पूर्वीपासून कानानेच करत होते; १९३८ साली ओ. एल. रेल्सबॅक यांनी मोजून त्याचा आलेख मांडला आणि तो वक्र आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

यंत्रं नवी नाहीत. फिरत्या चकत्यांचा स्ट्रोबोकॉन १९३६ मध्ये आला. पण चकती स्वर दाखवायची, सप्तकं किती ताणायची हे ट्यूनरलाच ठरवावं लागायचं. आजची व्हेरिट्यूनर, ट्यूनलॅब, सायबरट्यूनर, पियानोमीटर यांसारखी साधनं त्या विशिष्ट पियानोच्या तारा ऐकून त्याच्यापुरता वक्र काढतात. एंट्रोपी पियानो ट्यूनर तर फुकट मिळतो. मात्र तो आधी सगळ्या पट्ट्या एकेक करून रेकॉर्ड करायला लावतो, तेवढी सवड ठेवा.

यंत्र वापरताना तीन गोष्टी सांभाळा. नमुने घेताना तार एकटी वाजली पाहिजे, शेजारची जरा जरी गुणगुणली तरी हिशेब बिघडतो. पट्टी मध्यम जोराने वाजवा, आघातानंतरचं अर्धं सेकंद सोडा आणि मग दिसणारा आकडा वाचा, सुरुवातीला सूर क्षणभर चढलेला असतो. आणि पंखा बंद करायला सांगा. कान पंख्याचा आवाज बाजूला सारतो, मायक्रोफोन सारत नाही.

चौथी पायरी: कानाने काय ऐकायचं

नवशिक्यांना वाटतं की कानाने लावणं म्हणजे प्रत्येक स्वर "बरोबर" ऐकू येणं. तसं नाही. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की आवाजात हेलकावे उठतात, वॉव-वॉव-वॉव, आणि आपण ते मोजतो. त्यांना बीट म्हणतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना हेलकावा मंद होत होत विरतो ना, तेच इथे. फरक एवढाच की पियानोत तो सगळीकडे विरवायचा नसतो. काही ठिकाणी ठरलेल्या वेगाने जिवंत ठेवायचा असतो.

कारण समान स्वरांतराच्या पद्धतीत, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केले की, सप्तक सोडलं तर एकही अंतर निखळ नसतं. सा-प, म्हणजे फिफ्थ, निखळ अंतरापेक्षा जेमतेम २ सेंट अरुंद. मेजर थर्ड, म्हणजे सा-ग, मात्र जवळजवळ १४ सेंट रुंद. म्हणून थर्ड भरभर हेलकावतात आणि मोजायला सोयीचे पडतात.

सराव असा करा. फेल्टची लांब फीत तीन-तीन तारांच्या मधे खोचून मधल्या सप्तकात प्रत्येक पट्टीची एकच तार मोकळी ठेवा. ४४० च्या ट्यूनिंग फोर्कवरून ए४ लावा. त्याच्यावरून ए३, निखळ सप्तक. मग एफ३ असा लावा की एफ३-ए३ मध्ये सेकंदाला साधारण ७ बीट येतील. सात कसे मोजायचे? मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला १०४ वर ठेवा आणि प्रत्येक टोल्यात चार बसवा. ऐकायचं कुठे? खालचे स्वर सोडून द्या, कान ए५ च्या उंचीवर न्या, कारण एफ३ चा पाचवा पार्शल आणि ए३ चा चौथा तिथे भेटतात. सापडत नसेल तर एफ३ आणि ए३ आवाज न करता दाबून धरा आणि ए५ पट्टी झटकन वाजवून सोडा. दबलेल्या दोन तारा त्या एकाच उंचीवर गुणगुणतात आणि हेलकावा उघडा पडतो. मला हे कोणी दाखवेपर्यंत मी दोन महिने चुकीच्या जागी ऐकत होतो.

पुढे एफ३ वरून एफ४ घ्या आणि सी-शार्प४ मधे बसवा. आता एकावर एक तीन थर्ड झाले: एफ३-ए३ सात, ए३-सी-शार्प४ पावणेनऊ, सी-शार्प४-एफ४ अकरा. प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा सव्वापट वेगाने. हे तीन गुळगुळीत चढले तर पाया पक्का. मधल्या जागा फोर्थ (सा-म) आणि फिफ्थने भरा: या पट्ट्यात फोर्थ सेकंदाला एकाच्या आसपास हेलकावतात, फिफ्थ दोन सेकंदांत एकदा किंवा थोडं जास्त. प्रत्येक नवीन स्वर लावला की त्याच्यामुळे तयार होणारे थर्ड खालून वर वाजवून बघा. वेग हळूहळू वाढत गेला पाहिजे. मधेच एखादा रेंगाळला किंवा धावला की चूक तिथेच आहे. हे आकडे कागदावरचे आहेत, प्रत्यक्ष पियानोत इनहार्मोनिसिटीमुळे थोडे हलतात. आकड्यापेक्षा चढण महत्त्वाची.

सप्तक तपासायलाही तेच हत्यार. ए३-ए४ बरोबर आहे का? एफ३-ए३ वाजवा, मग एफ३-ए४. दोन्हींचा हेलकावा एकाच वेगाचा असेल तर सप्तक जुळलं. दुसरा जास्त वेगाचा असेल तर ए४ चढा आहे.

हे सगळं यंत्र चुटकीसरशी करतं, मग शिकायचं कशाला? कारण यंत्र चुकलं हे कळायला दुसरा मार्ग नाही. लहान पियानोत तांब्याच्या वेढ्याच्या तारा संपून साध्या सुरू होतात त्या जागी यंत्राचा गुळगुळीत वक्र कधीकधी साफ फसतो, आणि थर्डची चढण तिथे ठेचकाळते. तिथे मी पडद्याकडे बघणं सोडतो.

पाचवी पायरी: युनिसन आणि पिन

एका पट्टीच्या तीन तारा एकमेकींशी मिळवणं म्हणजे युनिसन. ऐकणाऱ्याला पियानो बेसूर वाटतो तो बहुतेक वेळा याच्यामुळेच. थर्ड सात ऐवजी साडेसात हेलकावला तर कोणी उठून जात नाही. हे काम पहिल्या दिवसापासून कानाने करा. तिन्ही तारा ब्रिजमार्फत एकमेकींना हलवतात, त्यामुळे तिघी मिळून येणारा आवाज प्रत्येकीच्या सुट्या आकड्यावरून ओळखता येत नाही. गॅब्रिएल वाइनराइश यांनी १९७७ मध्ये हे जोडतारांचं भौतिकशास्त्र मांडलं. मधली तार यंत्राने किंवा कानाने जागेवर आणा, डावी तिच्याशी मिळवा, मग उजवी. हेलकावा मंद होईल, लांबेल, मग आवाज एकदम सरळ होऊन पुढे निघेल. तिथे थांबा.

काही तारा एकट्याच हेलकावतात. बहुधा ब्रिजवरची पिन सैल असते. याला खोटे बीट म्हणतात. त्यांच्याशी झगडू नका, जमेल तेवढं मिळवा आणि वहीत त्या तारेचं नाव लिहा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा दहा मिनिटं त्याच तारेवर जातील.

आता ते काम, जे शेवटी हातालाच शिकावं लागतं: पिन बसवणं. लिव्हरने जोर लावला की पिन आधी पिळवटते, किंचित वाकते आणि मग पिनब्लॉकमध्ये फिरते. तुम्हाला वाटतं तार लागली. हात काढला की पिन उलगडते आणि सूर घसरतो. शिवाय तारेचा पिनेपासून पहिल्या टेकूपर्यंतचा तुकडा आणि वाजणारा भाग यांच्यातला ताण सारखा झालेला नसतो; दोन दिवस वाजवलं की तो सारखा होतो आणि सूर हलतो. उपाय असा की तार हव्या त्या जागेच्या केसभर वर न्या, लिव्हरचा जोर उलट दिशेला हलका द्या, आणि पट्टी दोन-तीनदा जोरात वाजवा. हललेल्या तारेचा आकडा पडद्यावर लगेच दिसतो. शिकणाऱ्यासाठी यंत्राचा हा उपयोग कोणीच सांगत नाही: लावण्यासाठी नव्हे, लावलेलं टिकलं का बघण्यासाठी. अपराइटवर लिव्हरचा दांडा सरळ वर किंवा थोडा उजवीकडे धरा. आडवा धरला तर पिन फिरण्याऐवजी वाकते.

वही

एका पियानोला एक पान. माझ्या पानावरची एक नोंद जशीच्या तशी:

"खोली २७ अंश, आर्द्रता ६८ टक्के. आल्यावर: ए१ +१, ए२ +३, एफ३ +१२, ए४ +९, ए५ +७, ए६ +३. ४४१ वर लावला, एक फेरी. जाताना ए४ ४४१, एफ३ जोरात वाजवून स्थिर. पाया कानाने, वरची दोन सप्तकं यंत्राने. डी५ डावी पिन सैल, गेल्या वेळपेक्षा जास्त. जी६ मधली: खोटे बीट. डावं पेडल करकरतं, सांगितलं. फाइल नवीन नमुन्यांची."

यात "पाया कानाने" का लिहिलं? पुढच्या वेळी थर्ड कुठे घसरले हे बघताना चूक माझ्या कानाची होती की यंत्राच्या वक्राची, हे शोधता येतं. "नवीन नमुन्यांची" का? कारण जुनी साठवलेली फाइल पुन्हा वापरली तर वेळ वाचतो, पण मधे तार बदलली असेल तर त्या तारेचा हिशेब जुनाच राहतो. तार बदलली की तिची जाडी आणि जागा लिहा. नवीन तार काही महिने उतरतच राहते आणि पुढच्या वेळी आलेला उणे आकडा वाचताना हे माहीत असायला हवं. पिनेची पकड मी फक्त "घट्ट, ठीक, सैल" अशी लिहितो. कोणी टॉर्कमापक (पिन फिरवायला लागणारा जोर मोजणारं साधन) वापरतात, उत्तम आहे, मी वापरत नाही.

मालकांचा पत्ता, दाराचे कोड, घरी केव्हा कोणी नसतं, हे पियानोच्या पानावर नको. ते वेगळं ठेवा. वही कागदाची असेल तर महिन्यातून एकदा फोटो, फोनमध्ये असेल तर दुसरीकडे प्रत.

दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की आकडे एकाखाली एक लिहा. सुरुवातीला सांगितलेला तो अपराइट दमट दिवसांत ए४ ला +९ आणि कोरड्या दिवसांत उणे ६ सापडतो, खर्ज मात्र जागचा हलत नाही. म्हणजे दमट दिवसांत तो ओढून नेमका ४४० वर आणला तर कोरड्या दिवसांत तो उणे पंधरावर जाणार, आणि मला पुन्हा दोन फेऱ्या मारायला लागणार. म्हणून त्या दिवसांत मी तो ४४१ वर सोडतो, कोरड्यात ४३९ च्या थोडा वर. घरात एकटाच वाजतो, दुसऱ्या वाद्याशी जुळवायचं नाही, त्यामुळे चालतं. दुसरं वाद्य सोबत असेल तर हे करू नका, ४४० म्हणजे ४४० च. आताही त्यांचा फोन येतो, पण पेडलबद्दल.

एक प्रत पियानोतच ठेवा: वरच्या झाकणाच्या आत, तारांना लागणार नाही अशी चिकटवलेली पुठ्ठ्याची पट्टी. तारीख, आर्द्रता, आल्यावर, जाताना, बदललेली तार. पुढच्या वेळी तुम्ही नसाल, दुसरा कोणी असेल, त्याला उपयोगी पडेल. लिहायचं पेन्सिलने, शाई दमटपणात पसरते.